आकस्मिक बाधिर्य : कर्णपूरणाआधी निदान

आत्ययिक व्याधी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हृद्रोग, पक्षाघात, विसूचिका, सर्पदंश असे विकार येतात. त्या यादीत कानाला सहसा स्थान नसते. कान दुखला, वाहू लागला तर रुग्ण तक्रार करतो. परंतु ‘कमी ऐकू येते’ ही तक्रार रुग्ण, त्याचे नातेवाईक आणि बऱ्याचदा चिकित्सकही सावकाशीने घेतात. वार्धक्यातील बाधिर्याच्या बाबतीत ही सावकाशी एक वेळ चालून जाते. पण काल रात्रीपर्यंत धडधाकट असलेला माणूस सकाळी उठतो आणि त्याच्या एका कानाने ऐकू येईनासे झालेले असते, तेव्हा तीच सावकाशी त्याला कायमची महाग पडू शकते.

असा रुग्ण प्रथम कोणाकडे जातो, याचा विचार आपल्या व्यवसायाने करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. तो बहुधा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जात नाही. ‘कानात दडा बसला आहे, एखादे तेल द्या’ असे म्हणत तो आपल्या दवाखान्यात येतो, किंवा थेट औषधी दुकानाच्या फळीपाशी उभा राहतो. पहिला शब्द आपल्या कानी पडतो, म्हणून पहिली जबाबदारीही आपलीच आहे.

विकाराचे स्वरूप

आधुनिक वैद्यकाने या विकाराची व्याख्या नेमकी केली आहे. ७२ तासांच्या आत, ऑडिओमेट्रीमध्ये लागोपाठच्या तीन कंपनसंख्यांवर ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणहानी आढळली आणि ती अंतःकर्णाची किंवा श्रवणनाडीची असली, तर त्यास आकस्मिक सेन्सरीन्यूरल बाधिर्य म्हणतात. बहुतेक वेळा एकच कान बाधित होतो. पुष्कळ रुग्णांना सोबत कर्णनाद असतो, काहींना भ्रम होतो. कान भरल्यासारखा वाटणे हे लक्षण इतके ठळक असते की रुग्णाला बाधिर्याची जाणीवही होत नाही. नेहमीच्या कानाला टेलिफोन लावल्यावर आवाज येत नाही, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येते.

हा विकार अगदी दुर्मीळ आहे असेही नाही. अमेरिकेत त्याचे प्रमाण वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे ५ ते २७ असे सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती. तेच प्रमाण येथे धरले तर वर्षाकाठी दीडशे ते आठशे रुग्ण होतात. त्यांपैकी किती जण वेळेत ऑडिओमेट्रीपर्यंत पोहोचत असतील, याचा अंदाज आपण प्रत्येकाने स्वतःच्या दवाखान्यावरून करावा.

जून २०२४ मध्ये सुप्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला झालेल्या अशाच विकाराची माहिती स्वतः जाहीर केली, तेव्हा हा विषय महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरल्यावर एकाएकी काहीच ऐकू येईनासे झाले, आणि विषाणुसंसर्गामुळे झालेले दुर्मीळ सेन्सरीन्यूरल बाधिर्य असे निदान वैद्यकांनी केले, असे त्यांनी सांगितले. मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोन यांपासून जपण्याचा सल्लाही त्यांनी चाहत्यांना दिला. जिचे आयुष्य स्वरांत गेले अशा कलावतीला हे भोगावे लागले, याचे दुःख सर्वांना झाले. परंतु त्या बातमीतून चिकित्सकांनी घ्यावयाचा बोध निराळा आहे. हा विकार कोणालाही, कोठेही आणि पूर्वसूचनेवाचून होऊ शकतो.

आपल्या शास्त्राचा दृष्टिकोन

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले. त्यांत बाधिर्य, कर्णनाद आणि कर्णगूथक यांना स्वतंत्र स्थान दिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मळाने कान बुजणे आणि श्रवणशक्तीच जाणे या दोन भिन्न अवस्था आहेत, हे आपल्या आचार्यांना पूर्णपणे ठाऊक होते. बाधिर्याची संप्राप्ती सांगताना वायू, कफाने अनुगत होऊन, शब्दवह सिरांमध्ये ठाण मांडतो, असे ते म्हणतात. आणि त्याच ठिकाणी ते एक अट घालतात : जो मनुष्य प्रतिकार करीत नाही, त्याला बाधिर्य निःसंशय होते. उपेक्षेचा उल्लेख संप्राप्तीच्या वर्णनातच यावा, याहून अधिक स्पष्ट इशारा कोणता हवा? पुढे माधवनिदानाच्या परंपरेने बालकांचे, वृद्धांचे आणि चिरकालीन बाधिर्य वर्ज्य ठरविले. म्हणजे साध्यासाध्यतेच्या विचारात काळ हा घटक आपल्याच ग्रंथांनी गणला आहे.

वाग्भटाचार्यांची हेतुमीमांसा तर आजच्या काळालाही लागू पडावी अशी आहे. प्रतिश्याय, जलक्रीडा, कान कोरणे आणि शब्दाचा मिथ्यायोग हे कर्णरोगांचे हेतू त्यांनी दिले. श्रोत्र हे वाताच्या स्थानांपैकी एक असल्याचेही त्यांनीच सांगितले आहे. चरकाचार्यांनी शब्दाच्या अतियोगाची उदाहरणे देताना मेघगर्जना, पटहाचा ध्वनी आणि मोठ्या आरोळ्या यांचा उल्लेख केला. पटह म्हणजे ढोलासारखे चर्मवाद्य. भाद्रपदातील पुण्यात राहणाऱ्या वैद्याला यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

वायू आशुकारी आहे. आकस्मिक उद्भव हेच त्याचे वैशिष्ट्य. अंतःकर्णाला रक्त पुरविणारी धमनी एकटी आणि सूक्ष्म असते. तिला पर्यायी मार्ग नसतो. प्रत्येक कानातील सुमारे पंधरा हजार संवेदनशील पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. शब्दवह स्रोतसाचा अवरोध आणि या रचनेची नाजूकता यांत मेळ घालता येईल. परंतु तसा मेळ घातल्याने चिकित्सेची घाई कमी होत नाही, वाढते.

संभाव्य कारणे

सुमारे दहापैकी नऊ रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही, असे आधुनिक ग्रंथ सांगतात. यावरून ‘त्यांनाही काही कळत नाही’ असा उपहास आपल्याकडे कधी कधी ऐकू येतो. तो अनाठायी आहे. सर्वच विकारांची नावे निश्चित करता येत नाहीत, म्हणून नाव सांगता न आल्यास वैद्याने लाजू नये, असे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे. प्रश्न उरलेल्या दहाव्या रुग्णाचा आहे. त्याचे कारण शोधले नाही तर त्याच्या कानापलीकडचेही काही जाऊ शकते.

विषाणूंचा विचार प्रथम करावा लागतो. गालगुंड हे बालकांतील एका कानाच्या बाधिर्याचे जुने, सुपरिचित कारण आहे. हडपसरला १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस तयार होते. मात्र २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आलेल्या गोवर-रुबेला लसीत गालगुंडाचा अंश नाही. त्यामुळे गाल सुजलेले मूल दवाखान्यात आले की ‘लेप लावा, आठ दिवसांत उतरेल’ एवढ्यावर न थांबता, दोन्ही कानांनी ऐकू येते का, हे आईवडिलांना तपासावयास सांगितले पाहिजे. एका कानाने बहिरे झालेले मूल स्वतः होऊन तक्रार करीत नाही. कानावर किंवा कानात नागिणीचे फोड, त्याच बाजूचे अर्दित आणि बाधिर्य ही त्रयी दिसल्यास विलंब मुळीच करू नये.

रक्ताभिसरणाचे विकार हा दुसरा वर्ग. मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढ रुग्णात एकाएकी बाधिर्य, सोबत तीव्र भ्रम, तोल जाणे, बोलणे अडखळणे, एका बाजूला बधिरता अशी लक्षणे असतील तर तो लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो. तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. थोड्या रुग्णांत श्रवणनाडीवरील गाठ हे कारण निघते आणि तिचे निदान एमआरआयवाचून होत नाही. मेनिएरचा विकार, शरीराच्या प्रतिकारशक्तीचे विकार, डोक्याला मार, विमानप्रवासात किंवा पाण्यात सूर मारताना पडणारा दाब, हीही कारणे ध्यानात ठेवावीत.

तिसरा वर्ग औषधांचा, आणि औषधी दुकानदार बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधे अंतःकर्णाला अपायकारक आहेत. क्षयाच्या अनेक रुग्णांनी पूर्वी त्यांची किंमत श्रवणाने मोजली आहे. सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन, क्विनाइन, शिरेतून दिलेले फ्रुसेमाइड यांचाही उल्लेख केला पाहिजे. कर्णपटलाला छिद्र असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब चिठ्ठीवाचून विकणे हे यासाठीच धोक्याचे आहे.

याच वर्गातील एक बाब आपल्या व्यवसायाच्या लौकिकाशी निगडित आहे. सिल्डेनाफिल आणि त्या गटातील औषधांमुळे आकस्मिक श्रवणहानी होऊ शकते, अशी सूचना वेष्टनावर ठळकपणे देण्याचा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००७ मध्ये घेतला. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक उत्पादनांत हेच औषध गुप्तपणे मिसळलेले असल्याचे त्याच प्रशासनाने वारंवार उघडकीस आणले आहे. वाजीकरणाच्या नावाखाली कोठूनतरी आलेली, निर्मात्याचा परवाना क्रमांक नसलेली कॅप्सूल जो दुकानदार विकतो, तो ग्राहकाच्या हृदयाबरोबर कानाशीही खेळतो, हे त्याने जाणावे. बाधिर्याच्या रुग्णाला ‘कोणती औषधे घेता?’ असे विचारताना या औषधांविषयी एकांतात आणि निःसंकोचपणे विचारले पाहिजे. रुग्ण ते आपणहून कधीच सांगत नाही.

राहिला ध्वनी. हडपसरला औद्योगिक वसाहतीतील कामगार, मगरपट्ट्यातील कार्यालयांत आठ-आठ तास हेडफोन लावून बसणारी तरुण मंडळी आणि गाडीतळावरच्या अखंड भोंग्यांत उभे राहणारे वाहतूक पोलीस व फेरीवाले, असे तिन्ही प्रकारचे रुग्ण एकाच दवाखान्यात येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी गेली अनेक वर्षे लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीतील आवाज मोजतात. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांच्या नोंदीची सरासरी १०० डेसिबलच्या वर होती. १०० डेसिबलच्या आवाजात सुरक्षितपणे थांबण्याचा काळ सुमारे पंधरा मिनिटे मानला जातो. ध्वनीच्या आघाताने होणारी हानी आणि अज्ञात कारणाने होणारे आकस्मिक बाधिर्य हे शास्त्रदृष्ट्या वेगळे आहेत. परंतु मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी कान बंद झालेला तरुण आला, तर ‘दोन दिवसांत उघडेल’ असे सांगून त्याला घरी पाठवू नये, हे दोन्हींना सारखेच लागू आहे.

तेलाची बाटली केव्हा उघडावी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकाएकी ऐकू येत नाही असे सांगणाऱ्या रुग्णाच्या कानात, तपासणीपूर्वी तेल सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्णपूरण हा आपला श्रेष्ठ उपक्रम आहे याविषयी दुमत नाही. नित्य कर्णतर्पणाने बाधिर्य होत नाही असे चरकाचार्य सांगतात, तेव्हा ते दिनचर्येविषयी, स्वस्थाविषयी बोलत असतात. सुश्रुतोक्त बिल्वतैल किंवा अपामार्गक्षार तैल बाधिर्यात सांगितले आहे, तेही निदान झाल्यावर. निदानाआधी घातलेल्या तेलाने तीन प्रकारे हानी होते. कर्णपटलाला छिद्र असल्यास तेल मध्यकर्णात उतरते. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत कानात बुरशी वाढते. आणि सर्वांत मोठी हानी म्हणजे रुग्णाला उपचार सुरू झाल्याचे समाधान मिळते व तो आठ-पंधरा दिवस स्वस्थ बसतो. नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर काम करणारा, अडतीस वर्षांचा एक रुग्ण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. सकाळी उठताच उजव्या कानाला दडा बसला होता, कानात रातकिड्यासारखा आवाज होत होता. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ झाली होती, म्हणून मळ फुगला असावा असे सर्वांनी गृहीत धरले. एका दुकानातून तेल मिळाले, ते चार दिवस घातले. मग दुसरीकडून थेंब मिळाले. नंतर एका ठिकाणी पिचकारीने कान धुतला, मळ फारसा निघाला नाही. माझ्यापर्यंत येईस्तोवर सतरावा दिवस उजाडला होता. कर्णपटल स्वच्छ होते. तज्ज्ञांकडील ऑडिओमेट्रीत उजव्या कानाची तीव्र श्रवणहानी दिसली. त्यांनी पडद्याआड स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. खर्जातील आवाज थोडे परत आले. शब्द आजही त्या कानाला स्पष्ट कळत नाहीत. पहिल्या आठवड्यात गेला असता तर तो पूर्ण बरा झाला असता, असे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण ती संधी त्याला मिळाली नाही, एवढे निश्चित. आणि या सतरा दिवसांत त्याला कोणीही फसविले नव्हते. प्रत्येकाने सवयीने, सद्भावनेने, कान न पाहता काहीतरी दिले होते. मला चिंता वाटते ती या सवयीची.

वास्तविक, तपासणीला पाच मिनिटे पुरतात. बॅटरी किंवा ओटोस्कोपने कान पाहावा. मळाने पूर्ण बुजलेला असेल तर कर्णगूथकाची चिकित्सा करावी, मात्र मळ निघाल्यावर त्याच दिवशी पुन्हा ऐकू येते का हे पाहावे. न आल्यास शोध संपला असे समजू नये. कान स्वच्छ असेल तर ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवावा. आवाज बंद झालेल्या कानात मोठा वाटला तर दोष बहुधा बाह्य किंवा मध्य कर्णात आहे. चांगल्या कानात मोठा वाटला तर दोष अंतःकर्णाचा किंवा नाडीचा आहे. ट्यूनिंग फोर्क नसेल तर रुग्णाला ओठ मिटून ‘हूं’ असा दीर्घ स्वर काढावयास सांगावे आणि तो कोणत्या कानात घुमतो ते विचारावे; अर्थ तोच. ही परीक्षा टेलिफोनवरूनही करता येते. स्वच्छ कान, एकाएकी आलेले बाधिर्य आणि चांगल्या कानात घुमणारा स्वर, एवढे जुळले की त्याच दिवशी रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे आणि ऑडिओमेट्रीसाठी पाठवावे. चिठ्ठीवर ‘तातडीचे’ हा शब्द आणि विकार सुरू झाल्याची तारीख अवश्य लिहावी.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

आपल्यातील काही ज्येष्ठ येथे आक्षेप घेतील. आधुनिक वैद्यकाकडे तरी याची खात्रीची चिकित्सा कोठे आहे? हा आक्षेप पोकळ नाही. स्टेरॉइडच्या उपयुक्ततेचा पुरावा मध्यम प्रतीचा आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड देणे हा एक पर्याय म्हणूनच सांगितला आहे. पुरेसा लाभ न झाल्यास दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान पडद्याआड इंजेक्शन देण्याची शिफारस आहे. विषाणुविरोधी औषधे व रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे सरसकट देऊ नयेत, असेही तेथे म्हटले आहे. शिवाय चिकित्सा न करताही सुमारे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांत काही ना काही सुधारणा होते, असे सांगितले जाते.

या शेवटच्या आकड्याकडे आपण नीट पाहिले पाहिजे, कारण तो दोन्ही बाजूंनी कापतो. उद्या एखाद्या वैद्याने आकस्मिक बाधिर्याच्या तीन रुग्णांना सारिवादी वटी, नस्य आणि बिल्वतैल दिले, त्यांतील दोघे बरे झाले आणि त्याने आपल्या त्रैमासिकात तसे लिहिले, तर त्या लेखाचे मोल काय? चिकित्सेपूर्वीची ऑडिओमेट्री नसेल तर श्रवण किती गेले होते हे ठाऊक नाही, आणि चिकित्सेनंतरची नसेल तर किती आले हेही ठाऊक नाही. आपोआप सुधारणाऱ्या विकारात असा दावा कोणीही मान्य करणार नाही, आणि करूही नये. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आलेल्या एका मधुमेही भगिनीला मी लगेच तज्ज्ञांकडे पाठविले. रक्तशर्करेवर लक्ष ठेवून त्यांनी स्टेरॉइड दिले आणि तिचे श्रवण बरेचसे परत आले. ते औषधाने आले की स्वभावतः, हे एका रुग्णावरून त्या तज्ज्ञांनाही सांगता येणार नाही. हाच नियम आपल्या औषधांना लागू करण्यास आपण कचरता कामा नये.

तज्ज्ञांकडे पाठविण्याचा आग्रह केवळ स्टेरॉइडसाठी नाहीच. पक्षाघात, नाडीवरील गाठ, नागीण यांचा निर्णय करण्यासाठी, श्रवणाचे मोजमाप कागदावर येण्यासाठी आणि उपचाराची मुदत टळू नये यासाठी तो आहे. यात कमीपणा नाही. ज्या त्रिमर्मीय अध्यायात चरकाचार्यांनी कर्णरोग सांगितले, त्याच अध्यायात नेत्ररोगांविषयी, हा दुसऱ्या तंत्राचा अधिकार असल्याने विस्तार करीत नाही, असेही त्यांनी नमूद केले. शालाक्याचा मान राखणे ही आपली परंपरा आहे. आयुर्वेदातही शालाक्याचे पदव्युत्तर पदवीधर आहेत. त्यांच्या दवाखान्यांत ऑडिओमेट्रीची सोय असावी, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

आपले कार्यक्षेत्र यामुळे आकसत नाही. तीव्र अवस्था ओलांडल्यावर कर्णनादाने झोप उडालेला, भ्रमाने घाबरलेला, पुन्हा ऐकू येईल की नाही या काळजीने खचलेला रुग्ण आपल्याकडेच येतो. तेथे वातशमन, नस्य, शिरोभ्यंग, रसायन, आहारविहार यांना वाव आहे. तज्ज्ञांच्या चिकित्सेबरोबर आपली औषधे चालू ठेवावयाची असतील तर ती त्यांना कळवूनच ठेवावीत, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ज्याचे श्रवण परतले नाही, त्याला श्रवणयंत्राविषयी सांगण्यात संकोच मानू नये. अशा नोंदी पाच-दहा वर्षे सचोटीने ठेवल्या, तर आपल्या चिकित्सेचा खरा वाटा किती, हे आपल्यालाही कळेल आणि इतरांनाही सांगता येईल.

काही सूचना

संघटनेने या विषयी पुढाकार घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. वार्षिक चर्चासत्रात कर्णपरीक्षेचे प्रात्यक्षिक ठेवावे. ओटोस्कोप व ट्यूनिंग फोर्क या दोन वस्तूंवाचून कोणाचाही दवाखाना असू नये. प्रत्येक विभागातील ऑडिओमेट्रीच्या सोयींची यादी सभासदांना द्यावी. सरकारी रुग्णालयांचा त्यात समावेश असावा, कारण खर्चाच्या धास्तीने रुग्ण तपासणी टाळतो.

औषधी दुकानदार बंधूंना तीन विनंत्या. कानाचे तेल मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ‘हे कधीपासून?’ असा एकच प्रश्न विचारावा, आणि ‘काल-परवापासून एकाएकी ऐकू येत नाही’ असे उत्तर आल्यास तेल न देता वैद्याकडे किंवा तज्ज्ञाकडे धाडावे. एका बाटलीचा नफा त्यात बुडेल. ग्राहक मात्र आयुष्यभर विसरणार नाही. कर्णतैलांच्या कप्प्याशेजारी ‘एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास तेल घालू नये, त्वरित तपासणी करावी’ अशी पाटी लावावी. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीवाचून कोणालाही देऊ नयेत, कारण हा लेख वाचून एखाद्याने तोही मार्ग शोधावा, हे मला मुळीच अभिप्रेत नाही.

रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो, आणि तो विश्वास आपल्या पिढीने कमावलेला नाही. तो वारशाने आला आहे. त्या विश्वासापोटी रुग्णाचे पंधरा दिवस खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रतिकार न करणाऱ्यालाच बाधिर्य निश्चित होते, असे सुश्रुताचार्य सांगतात. प्रतिकार वेळेवर सुरू होईल एवढी व्यवस्था करणे, हे वैद्याचे या व्याधीतील पहिले कर्तव्य होय.